ध्यान लागलं ते असं

जबलपूर, १२ डिसेंबर १९७१

तीर्थरूप बाबा, तुमच्या पायांवर डोकं ठेवून मुरली लिहितो की,

लढाई इकडे फक्त रेडिओवर आहे, आईला काळजी करू देऊ नका. कारखान्यात ड्यूटी लांबते, पण कॅन्टीनमध्ये पोटभर मिळतं. तिचा खोकला कसा आहे?

तुमचं पत्र आलं. बाबा, असं काहून लिहिलंत? 'इतकी वर्षं ध्यानाला बसतो, माझं मन क्षणभर थांबत नाही. तुझं कसं थांबलं, ते मला शिकव.' वाचलं अन् लगेच हे लिहायला बसलो.

खरं सांगतो. ड्यूटीपायी सूर्यनमस्कार सुटले. झोप येऊ नये म्हणून दिवसभर चहा अन् तंबाखू चालू आहे. आसनावर बसलो की छाती धडधडते, नाहीतर डुलकी लागते. ध्यान लागलं म्हणून तुम्हाला लिहिलं होतं ना, त्या सकाळी कंबर धरली होती. शेजारचे तिवारीजी म्हणाले, "ये गोली ले लो भैया, आराम मिलेगा." भांगेची होती, हे मला ठाऊक होतं. घेऊन बसलो आणि सगळं शांत झालं, डोळ्यांतून पाणी वाहिलं. तेच तुम्हाला मोठ्या तोऱ्यात कळवलं. गोळीचं तेवढं लिहिलं नाही.

आता रोज बसतो, मन भटकूनच राहिलं आहे.

देवळात कुणाला सांगितलं असेल, तर हेही सांगा.

अन् एक मागतो. पत्राच्या मायन्यात या वेळी तुम्ही मला 'तीर्थरूप' लिहिलंत. रागावून लिहा, दोन ओळीच लिहा, पण बाबा, मला चिरंजीव लिहा.

तुमचाच,
मुरली