गाओनूची तिसरी

९ ऑक्टोबर, मंगळवार

डाल बाई गेल्या! तिसरीचा वर्ग अर्ध्यावर टाकून, ऑक्टोबरात. उपनगरातल्या शाळेत जास्त पगार मिळाला म्हणे. मिळाला असेल. गाओनूने दप्तर फेकलं आणि सांगितलं, “आज सिनेमा लावला.” उद्या कोण शिकवणार म्हणून शाळेत फोन केला, तर ऑफिसातली पोरगी म्हणते, “बदली शिक्षक येतील, काळजी करू नका.” मी स्वतः दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना हेच सांगते. दुखणार नाही, काळजी करू नका. त्यामुळे हे वाक्य कधी म्हणतात ते मला चांगलं माहीत आहे.

१२ ऑक्टोबर

सिनेमाच. तोच.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

आज मुद्दाम गाओनूला घेऊन बसले. शाळेने दिलेलं पुस्तक, पानापानावर मोठं चित्र. धडाधड वाचत होती. सासूबाई कौतुकाने बघत होत्या. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण नातीचा सूर ऐकायला आवडतो. एका पानावर ‘केबिन’ लिहिलं होतं, ती म्हणाली ‘घर’. पुढे ‘तळं’ लिहिलं होतं, ती म्हणाली ‘पाणी’. मला काहीतरी खटकलं. पुढच्या पानावर मी चित्रावर हात ठेवला.

खालच्या अक्षरांकडे बघेचना. माझी बोटं एकेक करून उचलायला लागली.

“हात काढ ना आई, मग वाचते.”

आठ वर्षांची आहे. तिसरीत आहे. आणि हिला वाचता येत नाही. चित्र बघून अंदाज करते, बाकीचं पाठ! प्रगतिपुस्तकात दोन वर्षं ‘उत्तम’ लिहून येतंय, आणि मीही भांडी घासता घासता ‘छान, छान’ म्हणत आले.

नवऱ्याला, फेंगला सांगितलं. तो म्हणाला, “येईल हळूहळू. मीही उशिरा शिकलो.” हा माणूस अजून कुठलाही फॉर्म आला की माझ्यासमोर आणून ठेवतो.

२३ ऑक्टोबर

मुख्याध्यापकांना भेटले. “गाओनू वर्गात फार आनंदी असते,” म्हणाले. मी म्हटलं, वाचनाचं काय? “आत्मविश्वास छान आहे तिचा.” भिंतीशी बोलल्यासारखं.

आनंदी असते, हे खोटं नाही. तिथे दुपारी चिकट भात मिळतो. तिच्या नावाची कोणी मोडतोड करत नाही. रोज एक तास आपली ह्मोंग भाषा शिकवतात. मी इथे अमेरिकेतल्या सरकारी शाळेत होते तेव्हा एका बाईंनी मला सरळ ‘मेरी’ करून टाकलं होतं, वर्षभर मी मेरी होते. तो राग अजून गेला नाही. म्हणून तर आपल्या लोकांच्या चार्टर शाळेत घातलं. पैसा सरकारचा, कारभार आपला. पण मला तिचं हसणंही हवंय आणि वाचणंही. दोन्ही मागितलं की लोक असे बघतात जसं काही मी हट्टच धरलाय.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखान्यातून लवकर निघाले आणि कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत जाऊन आले. घरी कोणाला सांगितलं नाही. कच्च्या मुलांसाठी तिथे वेगळी बाई आहे, रोज शेजारी बसवून वाचून घेते. तिसरीत एक जागा आहे. नाताळच्या सुट्टीपर्यंत राखून ठेवतो म्हणाले. आपली मुलं तिथेही पुष्कळ दिसली. सगळी एकमेकांशी इंग्रजीत बोलत होती.

५ नोव्हेंबर

येरला सांगितलं, ही घोडचूक. येर माझी थोरली जाऊ. तिच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही.

“माझा तेंग आठवतो ना तुला?” म्हणाली. “सरकारी शाळेत दोन वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. बाईंना वाटलं मुकाच आहे. इथे आला, केंग वाजवायला शिकला, आणि एक दिवस मला उलट उत्तर दिलं. मी रडले गं त्या दिवशी. आणि तू चाललीस शाळेला नावं ठेवायला.”

तेंगला मी पाहिलंय तेव्हाचा. टेबलाखाली जाऊन बसायचा. आता बांबूची केंग फुंकत घरभर गरगर फिरतो, कान किटतात. येरचं चूक नाही. पण मग म्हणाली, “वाचन काय, घरी शिकव की.” जसं काही मी घरी पाय पसरून बसलेली असते!

संध्याकाळपर्यंत थोरल्या काकांना कळलं. फेंगचे थोरले काका. शाळा त्यांनी काढली, मंडळाचे अध्यक्ष तेच, आणि सासरे गेल्यापासून या घरातही शेवटचा शब्द त्यांचाच.

८ नोव्हेंबर

फेंग बोलत नाही. “काकांचं नाव जाईल,” एवढंच. काकांचं नाव गेलं तर परत येईल. पोरीची तिसरी गेली तर कोण आणून देणार आहे?

१८ नोव्हेंबर, रविवार

काकांकडे जेवण झालं. निमित्त नातवाचं सांगितलं होतं. खरं निमित्त मी आहे हे पातेल्यातल्या डुकरालाही माहीत असावं. पुरुष बाहेर लांब टेबलाशी, आम्ही बायका आत. मी मिरचीचा ठेचा कुटत होते, तेवढ्यात हाक आली. हात पुसत बाहेर गेले आणि उभी राहिले. बस कोणी म्हणालं नाही.

“सूनबाई,” काका म्हणाले, “शाळा काढली तेव्हा माझ्याकडे एक भाड्याचं गोदाम होतं आणि बायकांनी शिवलेले पडदे. लोक हसले. आज तुझी सासू नातीशी बोलते ती कुणामुळे?”

“शाळेमुळे, काका.”

“वसंतात परवाना तपासायला माणसं येतील. पोरं कमी दिसली तर टाळं लावतील. माझ्याच घरची पोर निघाली तर बाकीचे थांबतील?”

“काका, तिला वाचता येत नाही.”

टेबलाच्या टोकाला कोणीतरी म्हणालं, “दात उपटता उपटता ही वकिली पण शिकलेली दिसते.” हसले सगळे. मी फेंगकडे पाहिलं. फेंग भाताकडे बघत होता. त्या क्षणी मला त्याच्याइतकाच त्या भाताचाही राग आला, ताटासकट.

काका हसले नाहीत. “चांगला मास्तर आणतो,” म्हणाले. “जानेवारीत. आपल्यातला. हा माझा शब्द. उन्हाळ्यापर्यंत मला वेळ दे, मग तुला हवं ते कर.” त्यांचा आवाज खाली आला होता. इतक्या वर्षांत त्यांनी मला हुकूम सोडले, कधी काही मागितलं नाही. मला ते बघवलं नाही. बघते काका, म्हणून आत गेले आणि मिरच्यांवर राग काढला.

परत येताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, “गाओनू मला गोष्टी सांगते. मीच सांगितलेल्या. सगळ्या चुकवून सांगते.”

मग खिडकीबाहेर बघत राहिल्या.

२४ नोव्हेंबर

आपलं नवं वर्ष. शाळेच्या मुलांनी नाच केला. गाओनू दागिन्यांनी वाकली होती, तरी पहिल्या रांगेत. लोक येऊन सांगत होते, किती गोड बोलते हो आपली भाषा! मंचावरच्या पाटीवर काय लिहिलंय विचारलं असतं तर?

२० डिसेंबर, गुरुवार

सरकारी शाळेतून फोन आला. जागा हवी की नको, आज सांगा, दुसरी एक आई थांबली आहे. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून ‘नको’ म्हटलं. त्या बाईने विचारलं, “नक्की?” इतकं साधं विचारलं, की मला तिच्यावरच चिडावंसं वाटलं.

नंतर एका म्हाताऱ्याला तोंड नीट उघडत नाही म्हणून उगाच बोलले.

८ जानेवारी, मंगळवार

काकांनी शब्द पाळला, हे दातओठ खात लिहिते. मोआ मास्तर आले. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातून, किडकिडीत, टाय लावणारे. पहिल्याच दिवशी चित्रांची पुस्तकं कपाटात कोंबली. गाओनू घरी येऊन रडली, “ते दुष्ट आहेत. चित्र बघू देत नाहीत.”

मला त्या माणसाला चिकट भाताचं पातेलंच पाठवावंसं वाटलं.

१७ जानेवारी

आता प्रत्येक शब्दाचे आवाज सुटे करायचे आणि प्रत्येक आवाजाला बोटाने टेबल ठोकायचं, असं शिकवलंय. जेवताना ठोकते. गाडीत खिडकीवर ठोकते. सासूबाई दोनदा दार उघडून आल्या. कटकट आहे, पण चालेल.

३० जानेवारी

थंडीमुळे अख्खं सेंट पॉल शहर बंद. गाओनूने न्याहारीच्या वेळी दुधाचा खोका वाचला. मागची बाजू, चित्र नसलेली. ‘उघडल्यानंतर थंड जागी ठेवा’ — अडखळत, ठोकत, पण स्वतः. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

११ फेब्रुवारी, सोमवार

बस आलीच नाही. कडाक्याच्या थंडीत पोरं कोपऱ्यावर, आणि ऑफिसात फोन कोणी उचलत नाही. दुपारचा भात बंद झालाय, पाकिटातली बिस्किटं देतात. मुख्याध्यापक ‘रजेवर’. येर म्हणाली, “तुला कितीही चांगलं झालं तरी तुझी किरकिर आहेच.” आहेच! पोर कुडकुडत उभी राहिली तर काय ओवाळू शाळेला?

१९ फेब्रुवारी, मंगळवार

हे नीट लिहून ठेवायचंय. गाओनू सासूबाईंच्या पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. एक ओळ इंग्रजीत वाचायची, ठोकत ठोकत, आणि मग तीच ओळ आजीला आपल्या भाषेत सांगायची. अडलं तर आजीच शब्द सुचवायची. “ते मोठं पाणी असतं, पलीकडचा काठ दिसतो, त्याला काय म्हणतात आजी?” आजीने सांगितलं. पोरीने शब्द घेतला आणि पुढे गेली. मी दारात कपड्यांची टोपली घेऊन उभी होते, कितीतरी वेळ.

मला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही माझ्या घरात, एकाच गोधडीखाली बसलेलं होतं.

फेंगला म्हटलं, उन्हाळ्यानंतरही इथेच ठेवू हिला. तो जिंकल्यासारखा हसला. हसू दे. काकांना मी स्वतः फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं, म्हातारा गहिवरला.

२४ फेब्रुवारी, रविवार

थोरले काका आले. एकटे, न कळवता. पाणीही घेतलं नाही. शाळा शुक्रवारी बंद होतेय. मुलांना शहरात जिथे जागा असेल तिथे पाठवणार. कोपऱ्यावरच्या शाळेत आता जागा नाही.

“पैसे मार्चपर्यंत पुरणार नाहीत, हे तुला थांबवलं तेव्हाच मला माहीत होतं,” म्हणाले. “वाटलं, काहीतरी मार्ग निघेल.” मग गुडघ्यांवर बसले आणि कपाळ गालिच्याला लावलं. धाकट्यांनी थोरल्यांपुढे वाकायचं तसं, माझ्यापुढे. सासूबाईंनी तोंड फिरवलं. फेंग त्यांना उठवायला धावला.

मी फेंगचा हात धरून ठेवला.