सान राफाएलच्या भाताचा झारा

९ ऑक्टोबर
मंडळाची बैठक. अध्यक्ष आसिस्क्लो म्हणतो, यंदा सान राफाएलच्या सणाला डोंगरावरच्या सहलीचा भात त्या नव्या रेस्टॉरंटच्या आरासेलीला करू दे. "लेआंद्रो, तू जरा टेक बाबा." एकोणीस वर्षं झारा माझ्या हातात आहे. कुणाकडे शिकायला गेलो नाही. टेक म्हणे!

११ ऑक्टोबर
माझा ठराव : आरासेलीच्या रेस्टॉरंटात जेवायचं, चुका टिपायच्या, बैठकीत वाचायच्या. मोजपट्टी बरोबर घेणे.

१३ ऑक्टोबर, दुपारी ४
शिसारी आली. तीनशे वर्षांचं घर. त्याच्या दाराचं कुलूप मीच एकदा दुरुस्त केलेलं. आता चौकातल्या विहिरीवर काच टाकून टेबल केलंय. जेवताना खाली शेवाळ बघायचं! स्टूल ७८ सेंटिमीटर, पाय लोंबकळतात. फुएन्सांताला मात्र मजा वाटली. बायकोला काय बोलणार?
क्रोकेता, म्हणजे तळलेले वडे, चक्क छपराच्या कौलावर वाढलेले. कौल कशाने घासता, विचारलं. वेटर म्हणाला, "मायेने, साहेब."
मग वाडग्यात पांढरं काहीतरी, वर थुंकीसारखा फेस. सालमोरेखो म्हणजे आमचं टोमॅटोचं गार, दाट सूप. कोर्दोबात बसून टोमॅटोशिवाय सालमोरेखो! उभा राहून सगळ्या चौकाला ऐकवलं. आरासेली हात पुसत आली. "काका, हा सालमोरेखो नाही, मासामोर्रा आहे. बदाम, पाव, लसूण. आपल्याकडे टोमॅटो यायच्याही आधीचा." शेजारच्या आजीबाई : "बसा हो खाली! माझी आई करायची."
मला अर्थात माहीत होतं. पोरीची परीक्षा घेत होतो. वाडगा पुसून खाल्ला, तो तपासासाठी.

१७ ऑक्टोबर
बैठकीत एक्केचाळीस चुका वाचायला घेतल्या. नवव्या चुकीला आसिस्क्लो म्हणाला, "अरे, स्टुलाची उंची भातात पडते का?" सगळे हसले. दात काढणारी जमात!
मीच गुप्त मतदान मागितलं. लोक उघड बोलायला लाजतात. चिठ्ठीवर खरं लिहितील. कमीत कमी अठरा मतं माझी.

२० ऑक्टोबर
चोवीस चिठ्ठ्या. आसिस्क्लोवर भरवसा नाही म्हणून मोजणी मी स्वतः केली, दोनदा.
आरासेली : तेवीस.
मी : एक. अक्षर माझंच.
फुएन्सांताही सभासद आहे. घरी येताना म्हणाली, चष्मा नव्हता, काय लिहिलं आठवत नाही. पण तिचं अक्षर मी सव्वीस वर्षं वाचतोय. चिठ्ठीवर आरासेलीचं नाव होतं आणि पुढे, दोनदा अधोरेखित : 'प्लीज'.