पूजेची थप्पी

५ जानेवारी

आज भटजी झालो! खरे भटजी लग्न लावायला खंडाळ्याला गेलेले, आणि अंगणवाडीच्या नव्या खोलीचा मुहूर्त टळायला नको, हा अंजनाचा हट्ट. बायको आहे म्हणून नव्हे, पण तिचं बरोबर आहे. सहा वर्षं बावीस पोरं चावडीच्या ओसरीवर सांभाळतेय — पावसात एका हातात पोर, दुसऱ्यात खिचडीचं पातेलं. मला पूजा येत नाही, हे सांगून पाहिलं. "संस्कृत येतंय न्हवं सर? मग झालं की," ठेकेदार जयराज म्हणाला. शेवटी कॉलेजात पाठ केलेलं, एका संस्कृत काव्यातलं ग्रीष्माचं वर्णन खड्या आवाजात म्हटलं. नानासो गवंडी डोळे मिटून, हात जोडून उभा. मला लाज वाटली. क्षणभरच.

रीत पाच विटा पुजायची. जयराज म्हणाला, अख्ख्या थप्पीवरच शिंपडा, पोरांचं भलं होईल. शिंपडलं. दोन हजार विटा हळदीकुंकवाने सौभाग्यवती! पेपरचा गावातला वार्ताहरही मीच, म्हणून बातमीही लगेच पाठवली.

६ जानेवारी

मागच्या दारची निळी बादली दिसत नाही. अंजनाला विचारलं. म्हणे, कामात आहे. बरं.

९ जानेवारी

साताऱ्याच्या पेपरात बातमी आली — 'दर्जेदार विटांचे मंत्रघोषात पूजन'. 'दर्जेदार' हा शब्द माझा. वाक्य बोडकं दिसत होतं म्हणून घातला.

११ जानेवारी

नानासोकडे शिकवणी. दोन विटा एकमेकींवर ठोकायच्या. घंटेसारखी वाजली तर अव्वल. खिळ्याने ओरखडा उठता कामा नये, कमरेवरून टाकली तर फुटता कामा नये, दिवसभर पाण्यात ठेवली तरी फार पाणी प्यायची नाही. दोयम म्हणजे कडा वाकड्या, पण कामाची. तिसरी भट्टीच्या कडेची, आच न लागलेली — पिवळट, ठोकली की नुसतं थप्प. आणि जास्त भाजून काळी पडते, वाकते, ती खंगर. भिंतीत चालत नाही, फोडून कोब्याखाली घालायची.

घरी येईपर्यंत ओळखीच्या सगळ्यांची प्रतवारी लावून झाली. संपादक खंगर. मी दोयम. अंजनाला ठोकून पाहण्याची छाती नाही.

१६ जानेवारी

पाया झाला, दुसऱ्या थप्पीतून. नानासो प्रत्येक वीट वाजवून घेत होता. आज पूजेच्या थप्पीला हात घातला, तर एकही वाजवेना! का म्हणून विचारलं.

"पुजलेल्या विटंला ठोकू व्हय सर? तुमीच मंत्र घातलाय."

१९ जानेवारी

विटा लावायच्या आधी पिंपात भिजवतात. पाणी तांबडं झालं. मी म्हटलं, कुंकू. नानासोने तळात हात घालून मूठ बाहेर काढली. चिखल.

"कुंकू हाय म्हणून चार दिस गप बसलोय," एवढंच म्हणाला. भिंत कमरेला आली आहे.

माझ्या ग्रीष्माने त्या भाजल्या नाहीत.

२० जानेवारी

जयराजला गाठलं. जरासुद्धा दचकला नाही. फायलीला माझंच कात्रण लावलंय म्हणे, दर्जाचा दाखला म्हणून. वर प्रेमाने बजावलं, की आता बोभाटा केला तर काम थांबेल, मार्चअखेर निधी परत जाईल, आणि वहिनी पुन्हा चावडीत. चहाही पाजला. चहा अव्वल होता.

२१ जानेवारी

अंजनाने विचारलं, भिंत कुठवर आली. कमरेला, म्हणालो. पुढचं बोललो नाही. तिनेही विचारलं नाही — हे तिच्या स्वभावात बसत नाही.

२३ जानेवारी

दोन रात्री त्या भिंतीला टेकून बसलेली बावीस पोरं दिसत होती. सकाळी गेलो. नानासोसमोर, जयराजसमोर पूजेच्या पाच विटा घेतल्या, धोतराच्या सोग्याने कुंकू पुसलं — धोतर पूजेपुरतं घेतलेलं, तेवढं तरी कामी आलं — आणि कमरेवरून एकेक सोडली.

पाचही फुटल्या.

नानासोने तुकड्यांना हात लावून नमस्कार केला. मग भिंत पाडायला पहार उचलली. संध्याकाळी दुसरी बातमी लिहिली. पहिल्याच वाक्यात चूक माझी म्हणून कबूल केली. मग अंजनाला सांगितलं. रडेल, भांडेल असं वाटलं होतं. "जेवून घ्या," म्हणाली.

२४ जानेवारी

निळी बादली सापडली. न्हाणीमागे, वर ताट झाकलेलं. तळात तांबडा गाळ, त्यात विटेचा उरलेला तुकडा, कडेला हळद. पूजेच्याच दिवशी तिने थप्पीतली एक वीट पदराआड आणली होती.

"पूजा तुमची, बातमी तुमची. वर पत्रा चढायच्या आत तुम्हीच बोलाल म्हणून थांबले."

आणि नसतो बोललो तर?

तिने तालुक्याच्या बांधकाम साहेबांच्या नावाचा, विटांच्या तक्रारीचा अर्ज दाखवला. खाली तिची सही. तारीख सात जानेवारी.

आता तो द्यायला निघतोय दोघं. बादली माझ्याकडे.