ओल्या सिमेंटचा नांगर

बाबा, त्या नांगराबद्दल तुमच्याशी एकदा नीट बोलायचं होतं. तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही, आणि आता तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. हे पत्र कुठे जाणार नाही, तरी लिहितेय.

दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटची मागची बाल्कनी तुम्ही पूर्ण व्यापली होतीत. सळया, पाइपांचे तुकडे, सिमेंटचं अर्धं पोतं. आईला टॉवेल वाळत घालायलाही जागा नव्हती. सोमवार ते शुक्रवार मंत्रालयातल्या फायली आणि सुट्टीच्या दिवशी यमुनेवरच्या मासेमारांसाठी नांगर. मालवण सुटलं तरी ते काही तुमच्या हातातून सुटलं नाही. हातभर पाइप, खालून चार सळया आकड्यांसारख्या बाहेर वाकवलेल्या, वर दोर बांधायची कडी, आत ठासून भरलेलं काँक्रीट. समोरच्या पंजाबी काकू विचारायच्या, "भाईसाब, लंगर बन रहा है? खाने कब आएँ?" हिंदीत नांगरही लंगर आणि गुरुद्वारातलं जेवणही लंगर; तुम्ही दरवेळी तितकेच हसायचात. मी सोळा वर्षांची होते आणि सळई वाकवणं मला तुमच्याइतकंच जमत होतं. "पोरीचा कोन चुकत नाही," असं तुम्ही स्वयंपाकघरात आईला सांगितलेलं मी बाहेरून ऐकलं होतं. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होते.

त्या पावसाळ्यात नदी चढत होती आणि वजिराबादच्या नावाड्याला नांगर लगेच हवा होता. काँक्रीट तुम्ही आदल्या संध्याकाळी भरलं होतंत. मी बोट लावून पाहिलं. "बाबा, आत ओलं आहे. कडी हलतेय." तुम्ही बूट घालत होतात. "अगं, चालतं. पाण्यातच तर जायचंय त्याला." काँक्रीटला आठ दिवस पाणी पाजायचं असतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं.

कडी निघून आली. नांगर तळाशी राहिला, होडी वाहत जाऊन पुलाच्या खांबावर आदळली आणि मधे नावाड्याचा पाय चिरडला. दोन दिवसांनी त्याची बायको आपल्या दारात उभी आहे. भांडायला आलेली नाही. एवढंच विचारतेय, "साहब, ये हुआ कैसे?" मी तिच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आलेय. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "वो वाला इसने बनाया था. बच्ची है, गलती हो गई." आई आतून बाहेर येते, परत आत जाते. मी ग्लास पुढे करते. बाई माझ्या हातांकडे बघत पाणी पिते.

घाबरून एकदा खोटं बोललात, ते मी कदाचित विसरले असते. पण त्यानंतर तुम्ही मला कशालाच हात लावू दिला नाहीत. बारावीनंतर मेकॅनिकलचा फॉर्म समोर ठेवला तेव्हा म्हणालात, "तुझ्या हातानं एकाचा पाय गेलाय, विसरलीस?" खोलीत आपण दोघंच होतो, बाबा. कुणाला ऐकवत होतात? तेव्हा मला कळलं, तुम्हाला ते खरंच वाटायला लागलंय. मी बी.कॉम. केलं. आज गुरुग्राममध्ये विसाव्या मजल्यावर बसून लोकांच्या रजा मंजूर करते. बरं चाललंय. राग गेलेला नाही.

गेल्या वर्षी ऑफिसच्या लोकांबरोबर दमदमा तलावावर कयाक चालवायला जाऊ लागले. वाऱ्यानं ती एका जागी ठरेना, म्हणून घरी छोटा नांगर केला. माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, नांगर तो खेत में होता है ना?" दहा दिवस ओल्या गोणपाटात ठेवला. मग त्यावर पाय रोवून दोन्ही हातांनी कडी ओढली. जराही हलली नाही. तिथेच जमिनीवर बसले आणि ठरवलं, त्या नावाड्याला शोधायचं आणि खरं काय ते सांगायचं.

सापडला. म्हातारा झालाय, पाय ओढत चालतो, होडी आता मुलगा चालवतो. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं सुनेला हाक मारली. "अरे, ये उन साहब की बेटी है! महीना भर रोज़ अस्पताल आते थे, दफ़्तर से सीधे. अपने हाथ से खिलाते थे." घरी तुम्ही ओव्हरटाइम सांगायचात. "बच्चे की गलती के लिए कौन बाप इतना करता है?"

मेट्रोत बसून सगळी वाक्यं जुळवली होती. तोंड उघडलं आणि म्हणाले, "हाँ चाचा, गलती मेरी ही थी."

तुम्हाला वाचवायला नाही, बाबा. तो तुमच्याबद्दल बोलत होता, आणि इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल इतकं चांगलं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला ते आणखी थोडा वेळ ऐकायचं होतं.