शिफारसपत्रातली एक ओळ

सर,

संध्याकाळी पाचच्या आत तुमच्या नातीचं शिफारसपत्र विमान कंपनीला पाठवायचंय आणि आता तीन वाजून गेलेत. पानभर लिहून झालंय, एका ओळीवर हात अडलाय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी अशा वेळी तुम्हीच आठवता, याचा मला थोडा रागच येतो.

बरीच वर्षं प्रवासी विमानं उडवून मी आता फ्लाइंग क्लबात शिकवते. तुमची नात माझ्याच हाताखाली तयार झाली. परीक्षा ज्याची त्यानं द्यायची. पण वर एकटा असताना माणूस कसा वागतो, हे परीक्षेत दिसत नाही, म्हणून कंपनी शिकवणाऱ्याचं पत्र मागते. एकटीनं उडताना तिनं एकदा विमान धावपट्टीवर जोरात आपटलं. लगेच सांगायला हवं होतं, चाकं तपासायला हवी होती. ती गुपचूप घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी त्याच विमानात चढत होती, तेवढ्यात ही धावत आली, तिला थांबवा म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. चाकाच्या दांड्याला खरंच तडा गेला होता. तिला मी नको नको ते बोलले.

सकाळी मानवतहून तिच्या आईचा, तुमच्या लेकीचा फोन आला. "ताई, तेवढं लिवू नका. लय कष्टानं इथवर आलीय ती. चांगलं काय कमी हाय का लिवायला?" मग नातीनं फोन घेतला. "लिहा मॅडम. पण मी सोताहून सांगितलं, हे बी लिहा."

तेव्हापासून मला तुमची सेलूची शाळा दिसतेय. मी नववीत आहे, पर्जन्यमापकाची वही माझ्याकडे आहे. रोज साडेआठला पाणी मोजून आकडा लिहायचा. एका सकाळी आळसानं मी गेलेच नाही, अंगणातला चिखल बघून अंदाजानं बारा मिलिमीटर ठोकून दिलं. जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मीच तुमच्यापुढे येऊन उभी राहिले. तुम्ही लाल शाईनं आकडा खोडलात आणि म्हणालात, "जो पाऊस मोजला न्हाई, तो कागदावर पाडायचा न्हाई." पुढे कधी तो विषय काढला नाहीत. मला वाटलं, विसरलात.

कुठलं विसरताय! मला नोकरीसाठी शाळेचं पत्र हवं होतं, तेव्हा नेमकं तेच लिहिलंत. हिने एकदा खोटी नोंद केली, दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितली, म्हणून हिच्या नोंदीवर माझा विश्वास आहे. देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. एवढी वर्षं तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसले, त्याचं हेच? बाकीच्यांची पत्रं कौतुकानं ओथंबलेली असणार आणि माझ्या पत्रात माझीच चोरी.

पाचला वीस मिनिटं आहेत. ती ओळ मी लिहिली, लपवलं तेही आणि स्वतःहून सांगितलं तेही, आणि पाठवलं. तिचं काय होईल माहीत नाही.

हे दुसरं पत्र मात्र कुठं पाठवणार? म्हणून सांगून टाकते. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही विचारलंत, पत्र वाचलं का त्यांनी. मी म्हणाले, वाचलं, त्यावरच तर घेतलं. तुम्ही लेकीला स्वयंपाकघरातून हाक मारलीत आणि मला ते पुन्हा सांगायला लावलंत. सर, तुमचं पत्र मी दिलंच नव्हतं. शाळेच्या अध्यक्षांकडून दुसरं आणलं होतं, सगळं गोड गोड. तुमचं अजून माझ्या कपाटात आहे. त्या वेळी मात्र दुसऱ्या दिवशी मी सांगायला आले नाही.