शेळीबाई मागे फिरत नाही

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. मी ठणठणीत आहे, तुझा दादा ठणठणीत आहे आणि तुझ्या आई तर आपल्या सगळ्यांना पुरून उरणार आहेत. फोन सोडून कागद काळा करायला बसले, कारण मागच्या वेळी फोनवर मी नुसतं ‘बरी आहे’ म्हणाले आणि तू भोकाड पसरलंस. काय तर म्हणे, माझा ‘ब’ सांडला! अगं, मी काय बोलतेय ते सोडून कसं बोलतेय तेच ऐकत बसलीस, तर बोलणं पुढे जायचं कसं? कागदाला ओठ लागत नाहीत. तेव्हा आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाच आणि मधेच नाक पुसायला उठू नकोस.

त्या सकाळचं तुला कुणी धड सांगितलेलंच नाही. चूळ भरायला गेले तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ गाऊनवर. आरशात बघते तर उजवी बाजू माझी आणि डावी कुणा रुसलेल्या बाईची. भुवया उचलल्या तर एकच वर गेली, डोळे मिटले तर एकच मिटला. तशीच बाहेर आले आणि तुझ्या दादासमोर उभी राहिले. तो पेपर वाचत होता. त्याने वर बघितलं आणि हसत सुटला. म्हणाला, झकास जमलंय, कुठलं नवीन पात्र? त्याचा तरी काय दोष! कार्टूनच्या आवाजांची तालीम करताना या घरात मी चहा उकळेपर्यंत चेटकीण होते आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता बेडूक. मी काहीतरी बोलायला गेले, शब्द घरंगळले, तो आणखीच खूश झाला आणि टाळीसाठी हात पुढे केला. मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तो हात तसाच हवेत राहिला. बिचारा अजून माझ्याकडे चोरासारखा बघतो. मी मात्र त्या हसण्यावर रागावलेली नाही. घाबरले होते, एवढंच. फार घाबरले होते.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची. तिने सांगितलं, चेहऱ्याची एक नस सुजली आहे, मेंदूला काही झालेलं नाही, बहुतेकांचं बरंचसं परत येतं. पण कधी आणि किती, ते मात्र सांगता येत नाही. मग व्यायाम शिकवले. गाल फुगव, ओठांचा चंबू कर, शीळ घाल, फुंकर मार. मी म्हटलं, बाई गं, हे सगळं मी माझ्या नणंदेकडून रोज सकाळी करून घेत होते, तेव्हा ती मला छळवादी म्हणायची. आता माझी पाळी आली. करते, अगदी ठरल्या वेळी करते. जिभेचं, घशाचं, श्वासाचं काही बिघडलेलं नाही. अडतात ती फक्त दोन्ही ओठ भेटल्याशिवाय न निघणारी अक्षरं. प, फ, ब, भ, म. आणि आपल्या मालिकेतल्या शेळीबाईचं पेटंट वाक्य कोणतं? ‘बाजूला व्हा, मी मागे फिरत नाही!’ बघ कसा सूड उगवला माझ्या तोंडाने.

आजारापेक्षा लोकांनी जास्त पिडलं बघ. शेजारीण येते ती माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलते, जणू माझे कानच वाकडे झालेत. तुझ्या आई पहिले काही दिवस डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या, वर म्हणे आता पुरे झालं बें बें करणं, गप घरी बस. आपले डायरेक्टरसाहेब पिशवीभर हिरवी सफरचंदं घेऊन आले. सवय! माईकसमोर तोंड चिकट झालं, चटचट आवाज यायला लागला, की सफरचंदाची फोड चघळायची हे मीच त्यांना शिकवलं होतं. पिशवी ठेवली, पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, विश्रांती घ्या, शेळीचं काय ते बघू. पुढे चाचरत असंही म्हणाले, की मोठ्या पडद्यासाठी निर्मात्यांना तसाही जरा ताजा आवाज हवा होता, गेल्या काही भागांत शेळी थोडी थकलेली वाटत होती. वा रे वा! शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी बसल्या जागेवरून त्यांना दार दाखवलं. सफरचंदं ठेवून घेतली.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा माझ्याबरोबर स्टुडिओत आलीस ते? शाळेतून परस्पर आली होतीस, दप्तर पाठीला, आणि त्या जाड दाराच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर विचारलंस, वहिनी, इथे आवाज मरतो कुठे? मी तुला कोपऱ्यात बसवलं. तुझं जाकीट सळसळायचं म्हणून काढून घेतलं. तू गारठलीस, पण हूं की चूं केलं नाहीस. त्या दिवशी मी एका व्हिडिओ गेमसाठी माईकसमोर कड्यावरून पडत होते. उंचावरून पडणं, थोडक्यात पडणं, पाण्यात पडणं, काट्यांत पडणं. ओरडण्याचं काम शेवटी ठेवायचं असतं, कारण त्यानंतर घसा कशाच्याच कामाचा राहत नाही. मी घोगरी होऊन बाहेर आले, तर तू दप्तर घेऊन जिन्यावरून पडत होतीस, पडायच्या प्रत्येक तऱ्हेने, आणि प्रत्येक वेळी वेगळं ओरडत होतीस. रखवालदार धावत आला. मी त्याला म्हटलं, काही झालेलं नाही हो, पोरीला धंदा सापडला. तेव्हापासून तू भिंगरी. पण धंद्याने तुला दिलं काय? गर्दीतला आवाज. बाजारातली तिसरी बाई, वर्गातला मागचा मुलगा, दाराआडचं कुत्रं. तू कुरकुर केली नाहीस. मला मात्र तुझ्यासाठी राग यायचा आणि अजून येतो.

शेळीबाईचा जन्म तर तुझ्यासमोरच झाला. साहेबांना गोड, लाजरी शेळी हवी होती. मी म्हटलं, तुम्ही आयुष्यात शेळी बघितली आहे का? शेळी म्हणजे नाकावर राग, तोंडात सतत काहीतरी आणि कुणाच्या बापाला भीक न घालणारी बाई! आणि मग मी सरळ तुझ्या आईच्या आवाजात बोलले. दुधात पाणी निघाल्यावर त्या दूधवाल्याशी बोलायच्या ना, तो आवाज, फक्त शेवटाला थोडी थरथर. तू काचेपलीकडे खुर्चीवरून कोसळलीस. ते गुपित आपण दोघींनी इतकी वर्षं पोटात ठेवलं.

आणि पुलाचा भाग! लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकलेली ती गोष्ट. अरुंद पूल, समोरासमोर दोन शेळ्या, एक शहाणी शेळी आडवी पडते, दुसरी तिच्या पाठीवर पाय देऊन जाते, आणि गुरुजी म्हणतात, बघा मुलांनो, समंजसपणा! लेखकाने ती आमच्या मालिकेत घातली आणि आडवं पडायचं काम शेळीबाईला दिलं. मी कागद खाली ठेवला. म्हटलं, माझी शेळी पडणार नाही. आणि समोरचीलाही पडू देणार नाही. पाठीवर पाय देऊन जाणाऱ्या शेळीला त्या दिवशी रात्री झोप कशी लागली, हे कुणी विचारलंय का? अर्धा दिवस काम बंद. शेवटी लेखक वैतागून म्हणाला, मग होऊ दे काय व्हायचं ते. झाली टक्कर, पडल्या दोघी नदीत, निघाल्या दोघी नाकातोंडातून पाणी काढत, आणि काठावर बसून एकमेकींना शिव्या देत देत हसल्या. मुलांनी तो भाग डोक्यावर घेतला. समोरच्या शेळीचा आवाज कोणाचा होता, ते तुला सांगायला नको. तिला वाक्यं दोनच होती, पण टक्कर खणखणीत होती.

आता ताजी खबर. गेल्या आठवड्यात निर्मात्यांचा फोन आला. सिनेमातली शेळीबाई तुम्हीच, गेममधलीही तुम्हीच, ऑडिशनची गरज नाही, बऱ्या झालात की सुरू करू. तुझा दादा घरभर नाचला. मी पण नाचले असते, पण मला तो फोन पचेना. कालपर्यंत ज्यांना ताजा आवाज हवा होता, त्यांना एकदम वाकड्या तोंडाची बाई कशी चालायला लागली? म्हटलं, जाऊन बघावं. डोळ्याला पट्टी लावली, गळ्याभोवती ओढणी गुंडाळली आणि स्टुडिओत गेले. कुणाला काही कळायच्या आत बूथमध्ये शिरले आणि माईकसमोर उभी राहिले. बोटाने डावा गाल वर ओढला आणि ‘ब’ आला बघ, ‘म’ पण आला. मग बोट सोडलं आणि तशीच बोलले, सांडत, चावत, जबडा एका बाजूला फिरवत. चित्रं काढणारा तो दाढीवाला मुलगा काचेला नाक लावून उभा होता. तो ओरडला, थांबा, हलू नका! म्हणाला, शेळी रवंथ करते तेव्हा तिचं तोंड असंच तिरकं फिरतं, मी इतकी वर्षं ते सरळ काढत होतो, चुकत होतो. धावत कॅमेरा घेऊन आला आणि माझं तोंड टिपायला लागला. भिंगरे, आजारी पडल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या तोंडाकडे नजर न चुकवता बघितलं.

घरी आले ती तोऱ्यातच. तुझ्या आईंना सगळं सांगितलं, वाटलं पुन्हा पदर डोळ्याला लागणार. तर त्या शांतपणे म्हणाल्या, ती शेळी माझ्यासारखी बोलते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मी काय दुधखुळी आहे? मग म्हणाल्या, माझं तोंड वाकडं झालं असतं तर मी गप्प बसले असते का गं? मी म्हटलं, नाही. मग तू कशी बसशील, असं म्हणून त्यांनी गाल फुगवला आणि मला म्हणाल्या, चल, फुगव माझ्याबरोबर. आता रोज सकाळी आम्ही दोघी समोरासमोर बसून गाल फुगवतो. तुझा दादा तिकडे फिरकत नाही.

आणि आता मुद्द्याचं. आपल्या रेकॉर्डिस्टकाकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी बूथमधून बाहेर आले तेव्हा त्यांनीच सांगितलं, की त्या लोकांनी आधी तुला बोलावलं होतं, तू शेळीबाईचं एकच वाक्य बोललीस आणि काचेपलीकडचे सगळे उभे राहिले. भूमिका तुझी झाली होती. आणि दुसऱ्या दिवशी तू फोन करून सांगितलंस, की घसा बसलाय, मला जमणार नाही, वहिनीलाच द्या. घसा बसलाय! माझ्या हाताखाली घडलेला घसा असा बसतो होय? भिंगरे, तू पुलावर आडवी पडलीस. माझ्यासाठी पडलीस, हे कळल्यावर मी जिन्यात बसून रडले, ते तुझ्यापासून लपवत नाही. पण रडून झाल्यावर वर ऑफिसात गेले आणि भूमिका परत करून आले. तुझ्या पाठीवर पाय देऊन मला पलीकडे जायचं नाही. निर्मात्यांना सांगितलं, गुरुवारी सकाळी ऑडिशन घ्या, आम्ही दोघी येऊ, तुम्ही आमच्याकडे पाठ करून बसा आणि नावं न विचारता ऐका. तुझ्या वतीने हो म्हणून मोकळी झालेय, तेव्हा येणं भाग आहे. आणि येशील ती शिंगं परजून ये. माझी कीव येऊन एक जरी अक्षर हातचं राखून बोललीस, तर ते मला ऐकू येईल. तुला बोलायला मी शिकवलंय, विसरू नकोस. तू जिंकलीस तर मी घरी येऊन रडेन, चहा तू कर. मी जिंकले तर तू रड, चहा मी करीन. पण बाजूला होऊ नकोस.

तुझीच,
समोरची शेळी, म्हणजे तुझी वहिनी