टीपॉयवरचं मशीन

॥ श्री ॥
संकेश्वर, मळ्यातलं घर
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. दिपालीस मालाक्काचा आशीर्वाद.

आशीर्वाद रीतीला लिहिलाय, मनात आत्ता न्हाय. खुशाली मागनं विचारतो. आधी सांग, खंडेनवमीला आप्पांनी नारळ कुणापुढं फोडला? तुझ्या टीपॉयवरच्या खेळण्यापुढं! स्टेटस तूच लावलीस. सुनेनं मोबाईल पुढं धरला तवा मी हिकडं आपल्या मशीनला झेंडूची माळ बांधत होतो. फोटोत प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं मळणी मशीन, त्याला हळद-कुंकू, इवलीशी माळ, आणि शेजारी आप्पा हात जोडून. खाली लिहिलीस, आमच्या आप्पांची कमाल. आमच्या! बाप दोघींचा, मग माझे कोण ते, शेजारचे?

हिकडं खरं मशीन दारात उभं. त्याला आजवर आप्पांशिवाय कुणाचं कुंकू लागलं न्हाय. हे म्हणाले आपण करू पूजा. मी न्हाय म्हणालो. पूजा न्हाय तर पहिली पेंढी न्हाय, आणि पहिली पेंढी आप्पांच्या हातची न्हाय तर मशीन चालू न्हाय. सोयाबीन खळ्यावर ताडपत्रीखाली पडलंय. शेजारचा भावकू येऊन विचारून गेला, आक्का मशीन बिघडलंय काय. मी म्हणालो, मशीन बरं हाय, माणसं बिघडल्यात.

मोतीबिंदू काढायला म्हणून आप्पांना नेलीस, थोड्या दिवसांत धाडतो म्हणालीस. आणि तुझा मंथन बेंगळूरला गेल्यावर पडून असलेले त्याचे ठोकळे म्हाताऱ्याच्या हातात दिलीस, म्हणजे बसलं ते तिथंच. वरनं मोहरी आणि कोंडा टाकला की म्हणं मोहरी एकीकडं, कोंडा एकीकडं पडतोय. लई कौतुक!

दिपे, लहानपणी तुला शाळा मिळाली, मला मशीन. मी चौथीतनं उठलो ते आप्पांच्या मागनं पेंढ्या टाकायला. कधी बोललो न्हाय. शाळा तुझी, मशीन माझं, वाटणी झाली असं धरून चाललो. आता मशीनबी तुझ्या हॉलमधी!

आणि वर हिरव्या पदराची बाहुली उभी केलीय. सून म्हणाली, मावशी असतील. व्हय की! तू कधी पेंढी टाकलीस गं? धूळ उडाली की नाकाला रुमाल लावून घरात पळायचीस.

फोन केला की तू वर्गात हाय म्हणून ठेवतीस, म्हणून कागद. गावातला मष्णू उद्या तुमच्या बेळगावात उद्यमबागेत कामाला निघतोय, शनिवारी परत येतोय. त्याच्याकडं उत्तर दे. पाव्हण्यांना नमस्कार. लोभ किती शिल्लक हाय ते तुझं उत्तर बघून सांगतो.

मालाक्का


टिळकवाडी, बेळगाव
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मालाक्कास दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. आप्पांना दाखवलं नाही.

खंडेनवमीला ते पहाटेच कपडे करून, पिशवी घेऊन दारात उभे होते. संकेश्वरची गाडी धरायची म्हणाले. डॉक्टरांनी महिनाभर धूळ नको म्हणून सांगितलंय, हे मी परोपरीनं सांगितलं. नुसती पूजा करून येतो म्हणाले. शेवटी मी त्यांच्या चपला लपवल्या. मग त्यांनी टीपॉय उत्तरेकडे, तुझ्या गावाकडे फिरवला, आणि त्याच मशीनला कुंकू लावलं.

ती बाहुली मी नव्हे. असावी, असं मला फार वाटत होतं, खोटं कशाला बोलू. रोज पुसताना मी तिला उजव्या बाजूला उभी करायची, सगळे तिथूनच पेंढी टाकतात म्हणून. रोज आप्पा तिला उचलून डावीकडे ठेवायचे. शेवटी विचारलं, तर म्हणाले आपल्या मशीनला डावीकडूनच पेंढी पडते. डावरी आपल्या घरात कोण आहे, तू सांग. आक्का, माझ्या हॉलमध्ये मशीन आलं नाही, तू येऊन उभी राहिलीस.

माझी चहाची गाळणी कापून त्यांनी त्या मशीनची चाळण केली. पण दिपा, शाळेत तुझं कसं चाललंय, असं एकदा विचारलं नाही. सकाळी गॅलरीत जाऊन वारा बघतात आणि माली आज ताडपत्री काढेल, म्हणतात.

आणखी एक. त्या नारळाची एक वाटी त्यांनी मालीची म्हणून बाजूला ठेवली होती, मष्णूकडे दे म्हणाले. मी दिली नाही. दुसऱ्या दिवशी चटणी केली. इडलीबरोबर सगळी मीच खाल्ली.

येत्या बुधवारी डॉक्टर डोळा शेवटचा एकदा तपासतील. पण मला वाटतं, आप्पांनी आता इथंच राहावं. दवाखाना जवळ आहे आणि धूळ नाही. तू नाही म्हणू नकोस. रागावलीस तरी माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
दिपा


॥ श्री ॥
संकेश्वर, मळ्यातलं घर
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. दिपालीस आशीर्वाद.

चटणी खाल्लीस? माझी वाटी, आप्पांच्या हातची, इडलीबरोबर? तुझं अक्षर वळणदार, एकेक शब्द लावत बसलो. चटणीपाशी आलो आणि चष्मा काढून ठेवला. हे हसायला लागले, त्यांना खळ्यावर पिटाळलं. आणि चपला लपवलीस! लहानपणी माझी पाटी लपवायचीस, ती खोड अजून गेली न्हाय तुझी.

बाहुलीचं दोनदा वाचलं. त्यावर काय लिहीत न्हाय.

आप्पा तिथं मालीमाली करतात म्हणून तुला झोंबतंय व्हय? आता हिकडचं ऐक. हिकडं ताटावर बसले की, दिपा आता शाळेतनं आली असंल, दिपाला मटकीची उसळ आवडती, दिपाचं पोरगं इंजिनेर झालं. मी ताक घालून घालून थकायचो आणि ते तुझं नाव घेत जेवायचे. भाकरी कुणी थापली, विचारलं न्हाय कधी. जिथं हाय तिथं नसतंयच ते म्हातारं. तुला आज कळलं, मी जलमभर बघतोय.

म्हणून सांगतो, आप्पा तुझ्याकडं ऱ्हायले तर माझं नाव चालंल, हे मला कळतंय. पण मला नाव नको, माणूस पायजे. नाव तू घे की! इथं आले की दिवसभर तुझंच चालंल, मी ऐकून घेतो.

धुळीचं कारण सांगू नको. मशीन खळ्याच्या खालच्या टोकाला लावतो, आप्पांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला कट्ट्यावर बसवतो, काळा चष्मा घालून. पूजा झाली की पहिली पेंढी त्यांनी नुसती माझ्या हातात द्यायची. टाकतो मी. डावीकडनं.

तुझं ते टीपॉयवरचं मशीनबी मांडीवर घेऊन ये. दोन्ही शेजारी ठेवून कुंकू लावू. नारळ एकच, त्याच्या दोन वाट्या. एक माझी, आणि तुझी वाटी मी तुझ्यादेखत चटणी करून खाणार. बाहुलीला वाटेत हात लावायचा न्हाय. उजवीकडं जागा मोकळीच असतीया. नाकाला रुमाल बांध पायजे तर, पण ये.

तुझं मत कळलं, ते पुन्हा लिहू नको. बुधवारी डॉक्टर डोळा बघतील. त्याच दिवशी हे पत्र आप्पांना सगळं वाचून दाखव, चटणीसकट, आणि ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिही. येत्या शनिवारी, अठराला, मष्णू येतोय. तवर सोयाबीन ताडपत्रीखालीच ऱ्हाईल. मष्णू रिकाम्या हातानं आला तर रविवारी पहिल्या गाडीनं मी तुझ्या दारात असणार, आणि माझ्या चपला लपवून भागणार न्हाय.

मायेनंच लिहिलंय, तसंच वाच. शनिवारी उत्तर पायजे.

मालाक्का